'मी' की 'आम्ही'? एका सर्वनामामुळे हजारो बाप्तिस्मे अवैध कसे ठरले?

जानेवारी २०२२. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहराच्या कॅथलिक बिशपांनी एक पत्र जाहीर केलं. पत्राचा सारांश असा होता: आपल्या धर्मप्रांतातल्या एका धर्मगुरूंनी वर्षानुवर्षं बाप्तिस्मा देताना एक शब्द चुकीचा वापरला. त्यामुळे १७ जून २०२१ पर्यंत त्यांनी दिलेले सगळे बाप्तिस्मे अवैध मानले जातील.

तो चुकीचा शब्द कोणता? धर्मगुरूंनी म्हणायला हवं होतं, 'मी तुझा बाप्तिस्मा करतो.' ते म्हणत होते, 'आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो.'

बस्स, एवढंच. पाणी होतं, बाळ होतं, आईबाप होते, चर्च होतं, देवाचं नावही बरोबर घेतलं होतं. फक्त 'मी'च्या जागी 'आम्ही' आलं आणि हजारो माणसं कॅथलिक चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा न झालेली ठरली.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा निव्वळ शब्दच्छल वाटेल. पण या एका सर्वनामामागे जवळपास दोन हजार वर्षांचा वाद आहे. तो समजून घ्यायचा तर तीन वेगवेगळ्या विषयांची दारं ठोठवावी लागतात: चर्चचा इतिहास, उपासनाविधींचा अभ्यास म्हणजे लिटर्जी, आणि संस्कार नेमकं काय करतात याचा विचार करणारी थिऑलॉजी. ख्रिस्ती धर्मगुरू होणाऱ्यांना हे तिन्ही विषय शिकावे लागतात. आपण ते या एकाच प्रकरणातून समजून घेऊया.

नेमकं काय घडलं होतं?

सुरुवात फीनिक्सच्या आधीची आहे. व्हॅटिकनमध्ये धर्मसिद्धांतांवर देखरेख ठेवणारा एक विभाग आहे. ६ ऑगस्ट २०२० रोजी त्या विभागाने एक टिपण प्रसिद्ध केलं. काही ठिकाणी बाप्तिस्म्याच्या वेळी 'आईच्या, वडिलांच्या, आजी-आजोबांच्या, मित्रांच्या आणि सगळ्या समाजाच्या वतीने आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो' अशा अर्थाची वाक्यं वापरली जात होती. असा बाप्तिस्मा वैध आहे का, असा प्रश्न विभागाकडे आला होता. उत्तर आलं: नाही. ज्यांचा असा बाप्तिस्मा झाला आहे त्यांचं काय करायचं? तो नव्याने करायचा.

हे टिपण वाचून अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागातल्या एका तरुण धर्मगुरूंना स्वतःच्या बाप्तिस्म्याचा व्हिडिओ आठवला. १९९० सालचा, घरच्यांनी काढलेला. त्यांनी तो पाहिला, तर बाप्तिस्मा देणारे डीकन 'आम्ही' म्हणत होते. डीकन म्हणजे धर्मगुरूच्या एक पायरी खालचा दीक्षित सेवक.

आता गंमत बघा, म्हणजे त्यांच्यासाठी ती गंमत नव्हतीच. बाप्तिस्मा हे कॅथलिक जीवनाचं प्रवेशद्वार आहे. तो झाला नसेल तर पुढचा कुठलाच संस्कार लागू होत नाही. म्हणजे त्यांची २०१७ साली झालेली धर्मगुरूपदाची दीक्षाही झालेली नव्हती. म्हणजे त्यांनी तीन वर्षं अर्पण केलेले मिस्साही वैध नव्हते आणि त्यांच्यापुढे लोकांनी केलेली पापनिवेदनंही नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये काही दिवसांच्या आत त्यांचा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, ते डीकन झाले आणि मग धर्मगुरू. पहिल्या वेळी जे व्हायला कित्येक वर्षं लागली होती, ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

फीनिक्सचं प्रकरण याच्या उलट होतं. तिथल्या धर्मगुरूंचा स्वतःचा बाप्तिस्मा आणि दीक्षा ठीक होती. त्यामुळे त्यांचे मिस्सा वैध, त्यांनी ऐकलेली पापनिवेदनं वैध. घोळ होता तो त्यांनी दिलेल्या बाप्तिस्म्यांचा. ते २००५ पासून फीनिक्समध्ये होते आणि त्याआधी ब्राझील आणि सॅन डिएगोमध्ये होते. त्यामुळे आकडा हजारांत गेला. त्यांनी लोकांची माफी मागितली आणि १ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्या चर्चच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिला. त्यांचा कुणाचं नुकसान करण्याचा हेतू होता असं आपल्याला वाटत नाही, असं बिशपांनीही आपल्या पत्रात म्हटलं.

एका शब्दात एवढं काय आहे?

चर्चचं म्हणणं समजून घेण्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो: बाप्तिस्मा देतं कोण?

आपलं सहज उत्तर असेल, धर्मगुरू देतात. आणखी थोडा विचार केला तर आपण म्हणू, सगळा समाज मिळून एका बाळाला आपल्यात सामावून घेतो. फीनिक्सचे धर्मगुरू 'आम्ही' म्हणत होते त्यामागे बहुधा हीच भावना असावी.

कॅथलिक थिऑलॉजीचं उत्तर मात्र वेगळं आहे. बाप्तिस्मा ख्रिस्त देतो. समोर उभा असलेला माणूस हे फक्त त्याचं साधन. तो माणूस 'मी' म्हणतो तेव्हा तो 'मी' त्याचा स्वतःचा नसतो, त्याच्या तोंडून ख्रिस्त बोलत असतो. हाच 'मी' जाऊन 'आम्ही' आलं की वाक्याचा कर्ता बदलतो. आता बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त उरत नाही, तिथे जमलेली माणसं होतात. आणि माणसांच्या गटाला, तो कितीही प्रेमळ असला तरी, हा अधिकार नाही असं चर्च म्हणतं.

विशेष म्हणजे हा प्रश्न तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीही घेतला होता. एका माणसाला अनेकांनी मिळून बाप्तिस्मा दिला तर चालेल का? त्यांनी उदाहरणही भन्नाट घेतलं. समजा, एक जण मुका आहे, त्याला शब्द उच्चारता येत नाहीत आणि दुसऱ्याला हात नाहीत, त्याला पाणी ओतता येत नाही. मग एकाने बोलावं आणि दुसऱ्याने पाणी ओतावं का? अक्वायनस यांचं उत्तर होतं, नाही. ख्रिस्त एक आहे, म्हणून त्याच्या वतीने उभा राहणाराही एकच हवा. २०२० च्या टिपणात व्हॅटिकनने अक्वायनस यांचाच आधार घेतला.

पाणी, शब्द आणि हेतू

मध्ययुगातल्या विद्वानांनी संस्काराची चिकित्सा करण्यासाठी एक चौकट तयार केली. त्यासाठी ॲरिस्टॉटलची परिभाषा उसनी घेतली. प्रत्येक संस्काराला तीन गोष्टी लागतात: एक द्रव्य, ठरलेले शब्द आणि करणाऱ्याचा योग्य हेतू. बाप्तिस्म्यात द्रव्य म्हणजे पाणी. शब्द म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने केलेलं ते वाक्य. हेतू म्हणजे चर्च जे करतं तेच मला करायचं आहे, ही किमान इच्छा.

ही चौकट कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात काय काय प्रश्न आले, ते बघा.

१२४१ साली नॉर्वेच्या आर्चबिशपांनी रोमला कळवलं की पाण्याच्या टंचाईमुळे काही ठिकाणी बाळांचा बाप्तिस्मा बिअरने केला गेला आहे. पोप नववे ग्रेगरी यांनी उत्तर दिलं, चालणार नाही. पाणी म्हणजे पाणीच.

त्याच्याही सुमारे पाचशे वर्षं आधीचा किस्सा आणखी मजेदार आहे. आठव्या शतकात आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियामध्ये एक धर्मगुरू होते, त्यांना लॅटिन धड येत नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वाक्यातले विभक्तिप्रत्यय त्यांनी असे काही चुकवले की 'पिता' आणि 'पुत्र' यांच्या जागी 'मायभूमी' आणि 'मुलगी' असा अर्थ व्हायला लागला. तिथे धर्मप्रचार करणारे बिशप बॉनिफेस शिस्तीचे कडक. त्यांनी सगळ्यांचा बाप्तिस्मा पुन्हा करण्याचा आदेश दिला. प्रकरण पोप झकारी यांच्याकडे गेलं. ७४६ च्या सुमारास पोपनी बॉनिफेस यांना लिहिलं की पुन्हा बाप्तिस्मा करायची गरज नाही. त्या माणसाने काही चुकीची शिकवण मनात ठेवून शब्द बदलले नाहीत, त्याला फक्त भाषा येत नव्हती.

म्हणजे मुद्दा नुसत्या उच्चाराचा नाही. जीभ अडखळली, व्याकरण चुकलं, तर चालतं. समजून-उमजून वाक्याचा अर्थच बदलला, तर चालत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे 'इंद्रशत्रू'ची गोष्ट आठवेल. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला, पण त्या एका समासातला स्वर चुकला. 'इंद्राला मारणारा' याऐवजी 'इंद्र ज्याला मारणारा आहे तो' असा अर्थ झाला आणि वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने महाभाष्यात शुद्ध उच्चाराचं महत्त्व सांगायला ही गोष्ट वापरली आहे. तिथे त्वष्ट्याचा हेतू काहीही असो, शब्द जसा उच्चारला गेला तसं फळ मिळालं. पोप झकारींच्या निकालात हेतूने शब्दाला सांभाळून घेतलं. शब्दाचं सामर्थ्य मानणाऱ्या दोन परंपरा, पण दोघींच्या उत्तरात असा फरक.

वैध आणि नियमबाह्य

इथे अजून एक फरक लक्षात ठेवायला हवा, नाहीतर गोंधळ होतो. कॅथलिक चर्च दोन वेगळे प्रश्न विचारतं. संस्कार घडला का? आणि तो नियमाप्रमाणे घडला का?

समजा, एका धर्मगुरूला बिशपांनी निलंबित केलं आहे आणि तरीही त्याने मिस्सा अर्पण केला. ते नियमबाह्य आहे, त्याच्यावर कारवाई होईल, पण मिस्सा मात्र वैध. फीनिक्सच्या बाप्तिस्म्यांबाबत चर्चचं म्हणणं यापेक्षा गंभीर होतं. तिथे नियम मोडला एवढंच नाही, तर संस्कार घडलाच नाही.

आणि गंमत म्हणजे बाप्तिस्म्याचे नियम बाकी बाबतींत कमालीचे सैल आहेत. बाळ मरणाच्या दारात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नर्स, सुईण, शेजारी, कुणीही. देणारा ख्रिस्ती असण्याचीही अट नाही. ८६६ साली बल्गेरियातल्या लोकांनी पोप पहिले निकोलस यांना विचारलं होतं की एका ज्यू माणसाने आमच्यातल्या बऱ्याच जणांना बाप्तिस्मा दिला, त्याचं काय करायचं? पोपनी उत्तर दिलं की तो योग्य नावाने झाला असेल तर पुन्हा करू नये.

म्हणजे हिंदू नर्सने 'मी' म्हणून दिलेला बाप्तिस्मा वैध आणि कॅथलिक धर्मगुरूने 'आम्ही' म्हणून दिलेला अवैध. ऐकायला उलटं वाटतं. पण 'देणारा ख्रिस्त, माणूस फक्त साधन' हे सूत्र एकदा धरलं की दोन्ही उत्तरं त्यातूनच निघतात. साधन कोण आहे याला महत्त्व नाही. साधनाने मालकाच्या जागी बसू नये, एवढंच.

वादाची मुळं तिसऱ्या शतकात

हे सूत्र काही शांतपणे बसून ठरवलेलं नाही. त्यामागे छळ, फूट आणि रक्तपात आहे. चर्चच्या इतिहासाचा अभ्यास इथे कामाला येतो.

२५५-२५६ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप स्टीफन यांच्यात जोरदार वाद झाला. मुख्य चर्चपासून फुटून निघालेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा मानायचा का? सिप्रियन म्हणाले, नाही. ज्याच्याकडे पवित्र आत्मा नाही तो दुसऱ्याला काय देणार? स्टीफन म्हणाले, मानायचा. परत येणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आत घ्या, पुन्हा पाण्यात उतरवू नका. वाद मिटायच्या आधीच स्टीफन गेले आणि २५८ मध्ये रोमन सत्तेने सिप्रियन यांचा शिरच्छेद केला.

पुढची ठिणगी ३०३ साली पडली. रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळायचा हुकूम काढला. काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. अशांना 'ट्रॅडिटर' म्हणजे 'हवाली करणारे' असं नाव पडलं. इंग्रजीतला 'ट्रेटर' म्हणजे गद्दार हा शब्द त्याच मुळातून आला आहे.

छळ संपला आणि खरा प्रश्न उभा राहिला. या गद्दारांनी केलेले संस्कार खरे मानायचे का? कार्थेजमध्ये नवे बिशप म्हणून कॅसिलियन यांची निवड झाली, तेव्हा त्यांना दीक्षा देणाऱ्यांपैकी एकावर ग्रंथ हवाली केल्याचा आरोप झाला. विरोधकांनी आपला वेगळा बिशप नेमला. पुढे या गटाचं नेतृत्व डोनेटस यांच्याकडे आलं आणि गटाला डोनेटिस्ट असं नाव पडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: मळलेल्या हाताने कुणी दुसऱ्याला धुऊ शकत नाही.

३१४ साली आर्ल इथे भरलेल्या परिषदेने निकाल डोनेटिस्टांच्या विरोधात दिला. तरी फूट शंभर वर्षांहून जास्त टिकली. शहरा-शहरात दोन बिशप, दोन चर्च आणि अधूनमधून मारामाऱ्या.

या वादाला बौद्धिक उत्तर दिलं ते हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी. बाप्तिस्मा संत पीटरने दिला काय आणि ख्रिस्ताला दगा देणाऱ्या ज्यूडासने दिला काय, खरा देणारा ख्रिस्तच असतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामुळे देणाऱ्याचं चारित्र्य कसं आहे यावर संस्कार अवलंबून राहत नाही.

यात सामान्य माणसासाठी मोठा दिलासा होता. आपल्याला बाप्तिस्मा देणारा, आपलं लग्न लावणारा धर्मगुरू आतून कसा आहे, हे तपासत बसायची गरज नाही. तो लबाड निघाला म्हणून तुमचा संस्कार खोटा होत नाही.

पण दिलाशाची दुसरी बाजूही आहे. चारित्र्यावर अवलंबून राहायचं नाही, तर मग कशावर राहायचं? उत्तर आलं: कृती आणि शब्दांवर. म्हणजे माणूस कसाही असला तरी चालेल, पण शब्द तेच हवेत. फीनिक्समधले हजारो बाप्तिस्मे ज्या तर्काने अवैध ठरले, तो तर्क ऑगस्टीनच्या या दिलाशातूनच पुढे आलेला आहे.

सात संस्कार कधी ठरले?

बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्यांना तेल लावणं, धर्मगुरूपदाची दीक्षा आणि विवाह. कॅथलिक चर्च हे सात संस्कार मानतं. पण सातचा आकडा पहिल्यापासून नक्की नव्हता. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड यांच्या पाठ्यग्रंथामुळे तो रूढ झाला आणि १४३९ च्या फ्लॉरेन्स परिषदेने तो विस्ताराने मांडला.

१५२० मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी या यादीवरच घाव घातला. बायबलमध्ये ख्रिस्ताने स्वतः घालून दिलेले संस्कार तेवढेच खरे, असं ते म्हणाले. म्हणून बहुतेक प्रोटेस्टंट चर्च आज बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच मानतात. उत्तरादाखल कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंट परिषदेत सातचा आकडा ठामपणे पक्का केला.

काही जण ल्यूथरच्याही पुढे गेले. १५२५ मध्ये झुरिकमधल्या एका गटाने तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा नाकारला आणि मोठेपणी, समजून-उमजून तो पुन्हा घेतला. दोनच वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ यांना शहरातल्या नदीत बुडवून मारण्यात आलं. मारणारे कॅथलिक नव्हते, झुरिकचं प्रोटेस्टंट प्रशासन होतं. बाप्तिस्मा कुणाचा खरा, यावरून माणसं मारली गेली आहेत. आज निदान पत्र येतं आणि संकेतस्थळावर भरायचा फॉर्म येतो.

वसईत कर्तरी, कल्याणला कर्मणी

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड प्रश्न. 'मी'शिवाय बाप्तिस्मा होतच नाही का?

होतो. पूर्वेकडच्या चर्चेसमध्ये शतकानुशतकं 'मी' नाहीच. तिथे 'देवाच्या या सेवकाचा बाप्तिस्मा होत आहे' अशा धर्तीचं वाक्य असतं. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर पश्चिमेकडे कर्तरी प्रयोग, पूर्वेकडे कर्मणी.

हे बघायला ग्रीसला जायची गरज नाही. वसईचा कॅथलिक धर्मप्रांत १९९८ साली झाला, तो लॅटिन परंपरेचा. तिथे धर्मगुरू 'मी' म्हणतात. कल्याणला १९८८ साली सीरो-मलबार चर्चचा धर्मप्रांत स्थापन झाला. केरळमधून मुंबई-पुण्याकडे आलेल्या सेंट थॉमस ख्रिस्ती कुटुंबांचं हे चर्च. त्यांची उपासना पूर्व-सिरियाक परंपरेतली, म्हणून तिथे बाप्तिस्म्याचं वाक्य कर्मणी. दोन्ही चर्च एकाच पोपना मानतात आणि दोन्हीकडचा बाप्तिस्मा तितकाच वैध.

मग कर्मणी चालतं आणि 'आम्ही' का चालत नाही? चर्चचं उत्तर असं की कर्मणी वाक्यात माणूस स्वतःकडे कर्तेपण घेतच नाही, ते देवाकडेच राहतं. शिवाय ते वाक्य कुणी एका धर्मगुरूने रविवारी सकाळी सुचलं म्हणून म्हटलेलं नाही, ते एका प्राचीन चर्चने पिढ्यान्पिढ्या जपलेलं आहे.

शब्द बदलायचा अधिकार कोणाचा?

हा लिटर्जीच्या अभ्यासाचा गाभ्यातला प्रश्न. आणि इथे एक विरोधाभास आहे: चर्चने स्वतःच शब्द बदललेले आहेत, तेही मोठ्या प्रमाणावर.

पहिल्या-दुसऱ्या शतकातलं 'डिडाखे' नावाचं छोटं पुस्तक सांगतं की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर साठलेल्या पाण्यात, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावं. आज कॅथलिक चर्चमध्ये बहुतेक वेळा शेवटचा पर्यायच दिसतो. म्हणजे जी सवलत होती ती रीत झाली.

सगळ्यात मोठा बदल विसाव्या शतकातला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना दार उघडलं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच मराठीत ख्रिस्तपुराण छापलं होतं, लोक ते गातही होते. तरी मिस्साची भाषा त्यानंतर साडेतीन शतकं लॅटिनच राहिली. परिषदेनंतर ती मराठी, कोकणी, तमिळ अशी शेकडो भाषांमध्ये आली. १९६९ साली बालकांच्या बाप्तिस्म्याचा नवा विधीही तयार झाला. त्यात आईवडिलांच्या आणि जमलेल्या समाजाच्या सहभागावर भर होता.

या मोकळ्या वातावरणात काही धर्मगुरूंना वाटलं की विधी अजून जवळचा, अजून आपुलकीचा करावा. 'आम्ही' आलं ते याच काळात. पण ज्या दस्तऐवजाने लोकभाषांना परवानगी दिली, त्याच दस्तऐवजाने हेही बजावलं होतं की कुणाही व्यक्तीने, अगदी धर्मगुरूनेही, स्वतःच्या अधिकारात उपासनेत काही घालू, काढू किंवा बदलू नये. बदल होईल, पण तो चर्च करेल.

'आम्ही'च्या आधीही असे प्रयोग नाकारले गेले होते. पिता आणि पुत्र हे पुरुषवाचक शब्द टाळण्यासाठी काही ठिकाणी 'निर्माता, तारणारा आणि पावन करणारा' असं म्हटलं जाई. २००८ मध्ये व्हॅटिकनने तोही बाप्तिस्मा अवैध ठरवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा एक सविस्तर टिपण निघालं आणि संस्कारांचे शब्द आणि द्रव्य कुणीही मनाने बदलू नयेत हे परत एकदा सांगितलं गेलं.

टीका काय आहे?

हा निर्णय सगळ्यांना पटला असं नाही. आक्षेप मुख्यतः तीन आहेत.

पहिला, हा नियमांचा अतिरेक आहे. देव सर्वनामांचा हिशेब ठेवतो का?

दुसरा, इतिहासाचा. पोप झकारींनी 'मायभूमी' आणि 'मुलगी' चालवून घेतलं, मग चांगल्या भावनेने म्हटलेलं 'आम्ही' का नाही? त्याला चर्चचं उत्तर वर आलंच आहे: तिथे अज्ञान होतं, इथे बदल जाणूनबुजून झाला. पण जाणूनबुजून म्हणजे वाईट हेतूने नव्हे, हा आक्षेपकांचा मुद्दाही बिनतोड आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात मानवी आहे. चूक धर्मगुरूची आणि भोगायचं बाळाने. वीस वर्षांपूर्वी कडेवर असलेल्या मुलीला आज सांगायचं की तुझा बाप्तिस्मा झालाच नव्हता, तुझं पहिलं कम्युनियनही नाही आणि चर्चमध्ये लग्न झालं असेल तर त्याची कागदपत्रंही पुन्हा तपासावी लागतील.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही याच मुलीच्या बाजूने केला जातो, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तो म्हणतो, चर्चला ठरलेला बाप्तिस्मा मिळणं हा तिचा हक्क होता. धर्मगुरूने स्वतःच्या आवडीचा शब्द घालून तो हिरावून घेतला. विधी ठरलेला असतो तो धर्मगुरूला बांधून ठेवण्यासाठी, म्हणजे त्याच्या लहरीपासून सामान्य माणूस सुरक्षित राहतो.

मग ज्यांचा बाप्तिस्मा अवैध ठरला, त्यांचं काय?

व्यवहारात उत्तर सोपं आहे: पुन्हा चर्चमध्ये या, बाप्तिस्मा घ्या. फीनिक्समध्ये त्यासाठी लोकांना संपर्क करायला सांगण्यात आलं. पहिला बाप्तिस्मा कसा झाला याची नुसती शंकाच असेल, तर 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' अशी अट जोडून तो दिला जातो. कारण खरा बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, असं चर्च मानतं.

पण यादरम्यान जे वारले, त्यांचं काय? ज्यांनी मनापासून प्रार्थना केली, ख्रिस्तप्रसाद घेतला आणि गेले, त्यांचं सगळं फुकट?

इथे थिऑलॉजी स्वतःच आपल्या कडक चौकटीला एक खिडकी ठेवते. अक्वायनस यांनीच म्हटलं आहे की देवाने आपलं सामर्थ्य संस्कारांना बांधून टाकलेलं नाही, तो संस्कारांशिवायही कृपा करू शकतो. आजची कॅथलिक शिकवणही हेच सांगते. माणसाला संस्कारांचे नियम पाळायचे आहेत, देव त्यांत अडकलेला नाही.

हे सगळं शिकतात कुठे?

हा अभ्यास आपल्यापासून फार लांब नाही. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली आणि तिच्याबरोबर आज ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी संस्थाही आली. नगर रोडवरच्या या विद्यापीठात देशभरातले विद्यार्थी तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी शिकतात. फक्त लिटर्जीवर उच्च शिक्षण घ्यायचं असेल तर रोममध्ये सांत आन्सेल्मो इथे १९६१ पासून स्वतंत्र संस्था आहे.

असा विद्यार्थी काय शिकतो, ते या एका प्रकरणात दिसतं. इतिहास त्याला सांगतो की हा वाद सिप्रियनच्या काळापासून चालू आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच नव्हतं. लिटर्जी सांगते की विधीतला प्रत्येक शब्द कुठून आला, कधी बदलला आणि कुणी बदलला. थिऑलॉजी सांगते की त्यातलं काय बदललं तरी चालतं आणि काय बदललं तर विधी तो विधीच राहत नाही.

आणि हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. लग्न लावणारे गुरुजी मंत्र गाळतात, निकाहच्या वेळी कबुलीचे शब्द काळजीपूर्वक विचारले जातात, न्यायालयात शपथेचं वाक्य ठरलेलंच असतं. काही शब्द उच्चारले की माणसाची ओळख बदलते, मग तो नवरा होतो, साक्षीदार होतो किंवा ख्रिस्ती होतो. असे शब्द उच्चारणाऱ्याच्या मालकीचे असतात की ज्याच्यासाठी उच्चारले जातात त्याच्या? फीनिक्सच्या हजारो कुटुंबांपुढे हाच प्रश्न होता. चर्चचं उत्तर आहे: दोघांच्याही नाहीत. ते मागून आलेले आहेत आणि आपण त्यांचे फक्त वाहक आहोत. हे उत्तर पटो वा न पटो, ते कुठून आलं हे माहीत असलं म्हणजे 'मी' आणि 'आम्ही'चं हे भांडण शब्दच्छल वाटत नाही.